मालदांडी आणि जीन मॅपिंग

संपादक साहेब, नमस्कार.
जीन मॅपिंग म्हटलं की आपल्याकडं लगेच बीटी-बीटी (म्हणजे परका जीन घातलेलं बियाणं) म्हणून ओरडायला सुरू, पण हे ते नव्हंच हो. ज्वारीच्या 10 गुणसूत्रांचा आराखडा 2009 लाच छापून आलाय, त्यावरून कुठला गुण कुठल्या तुकड्यावर बसलाय ते शोधायचं, मग साधाच संकर करायचा अन् रोप लहान असतानाच पानाचा तुकडा घेऊन डीएनए तपासायचा, म्हणजे नको ती रोपं तिथंच बाद.

आमच्या मंगळवेढ्याकडं रब्बी ज्वारी नुसती काळ्या रानातल्या ओलीवर येते, ऐन दाणा भरताना ओल संपली की पानं वाळतात, खडखड्या (बुंधा कुजवणारा रोग) लागतो अन् ताटं आडवी. इथिओपियाकडच्या ज्वारीतून आलेल्या बी 35 वाणात पानं शेवटपर्यंत हिरवी ठेवणारे गुणसूत्रांचे चार मुख्य तुकडे सापडलेत. ते आमच्या मालदांडी ज्वारीत आणा की! 1930 च्या दशकात मोहोळला निवडलेला वाण अजून लोक पेरतात, कारण भाकरी अन् कडबा. त्या दोन्हीला धक्का लागला तर मात्र तुमचा नकाशा तुमच्यापाशीच ठेवा.

विद्यापीठांनी हे सगळं शेतकरी मेळाव्यात मराठीतनं सांगावं, पेपरांनीही अर्धं पान द्यावं.

– एक ज्वारी उत्पादक, मंगळवेढा