धनुर्वाताच्या सुईतच डांग्या खोकल्याची लस द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अग्निवीर भरतीत मुलांची सोळाशे मीटरची धाव होते, छाती ५ सेंटिमीटर फुगते का ते टेप लावून पाहतात, दात, कान, तळपाय सगळं तपासलं जातं. डांग्या खोकल्याची शेवटची लस कधी घेतली, असं विचारलं तर मात्र मुलगाही गप्प आणि त्याची आईही. बहुतेकांचं उत्तर एकच निघेल: पाचव्या-सहाव्या वर्षी, तीही घेतली असेल तर.

सरकारी वेळापत्रकात ६, १० आणि १४ आठवड्यांना तीन डोस, १६ ते २४ महिन्यांत पहिला बूस्टर आणि ५ ते ६ वर्षांदरम्यान दुसरा. त्यानंतर १० व्या आणि १६ व्या वर्षी जी सुई टोचतात, तिला घरोघरी ‘धनुर्वाताचं इंजेक्शन’ म्हणतात. पूर्वी ती टीटी होती, आता टीडी आहे. टीडीत धनुर्वात आणि घटसर्प एवढंच असतं. डांग्या खोकल्याचा त्यात अंशही नसतो, आणि ‘सोळाव्या वर्षी लस झालीये’ या उत्तरावर डॉक्टरसुद्धा फसतात. आणखी एक गोम आहे. पाचव्या वर्षाच्या रकान्यात पूर्वी डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) नव्हे, डांग्या खोकल्याचा घटक नसलेली डीटी असायची. जुन्या कार्डावर तशी नोंद असेल, तर त्या मुलाचा डांग्या खोकल्याचा शेवटचा डोस दीड-दोन वर्षांचा असतानाचाच.

लसीने मिळालेलं संरक्षण साधारण ४ ते १२ वर्षं टिकतं. प्रत्यक्ष आजार होऊन गेला तरी ४ ते २० वर्षं. रंगरूट साधारण साडेसतरा ते एकवीस-बावीस वर्षांचा असतो. हिशेब वाचकांनीच करावा. शहरातल्या खासगी दवाखान्यांत ‘पेनलेस’ म्हणून मिळणाऱ्या असेल्युलर लसीने (तिच्यात अख्खा जंतू नसतो, त्याचे मोजके अंश असतात) ताप कमी येतो, पण तिचा प्रभाव आणखी लवकर ओसरतो. सरकारी लस टोचल्यावर दोन दिवस तापाने फणफणलेली गावाकडची पोरं या एका बाबतीत शहरी पोरांपेक्षा थोडी बरी असतात.

बेळगाव, कामठी, खडकी, नाशिक रोड, अहिल्यानगर इथल्या प्रशिक्षण केंद्रांत ही सगळी पोरं एका छताखाली येतात. ओळीने खाटा, एकच मेस, पहाटे एकत्र पीटी. आजूबाजूला कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल, तर डांग्या खोकल्याचा एक रुग्ण १२ ते १७ जणांना आजार देऊ शकतो. इस्रायलमध्ये लहानपणी लस घेतलेल्या तरुण सैनिकांतही साथ आल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. अमेरिकी सैन्यात नव्या रंगरुटांना टीडॅप देतात. टीडॅप म्हणजे टीडीच, त्यात डांग्या खोकल्याचा घटक कमी मात्रेत घातलेला.

मुख्य अडचण आजार ओळखण्याची आहे. पहिला आठवडा-दोन आठवडे नुसती सर्दी आणि साधा खोकला असतो, आणि नेमका तेव्हाच रुग्ण सर्वाधिक संसर्ग पसरवतो. पुढे ढास लागते, ती रात्री जास्त. खोकून खोकून उलटी होते, डोळ्यांत पाणी येतं, आणि दोन उबळींच्या मधे मुलगा ठणठणीत दिसतो. ताप नाही, छाती स्वच्छ. बाळांच्या खोकल्यात ऐकू येणारा तो ‘हूप’ आवाज मोठ्यांत बहुधा येतच नाही. मग परेड ग्राउंडच्या धुळीची ॲलर्जी म्हणून गोळ्या मिळतात. त्यात सिक रिपोर्टला, म्हणजे आजारपणाच्या रजेत, जास्त दिवस गेले तर मागच्या बॅचमध्ये रेलिगेट होण्याची भीती, म्हणून पोरं तोंडात रुमाल कोंबून खोकतात. एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) एक साधा नियम हवा: दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि त्यासोबत उबळ किंवा खोकल्यानंतर उलटी असेल, तर स्वॅब.

हा स्वॅब घशातून घेतला तर उपयोग नाही. नाकाच्या तळाशी समांतर, नाकपुडी ते कान या अंतराच्या साधारण निम्मं आत जाऊन, नाकाच्या मागच्या भिंतीला टेकवून काही सेकंद धरावा लागतो. काडी पॉलिस्टर किंवा नायलॉनची घ्यावी, कापसाची नको. कापसाने जंतू वाढत नाहीत. कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणं) पहिल्या दोन आठवड्यांतच जमतं, पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत. एक चूक हमखास होते: ज्या टेबलावर लस टोचतात तिथेच स्वॅब घेतात. काही लसींत या जंतूचा डीएनए असतो. तो टेबलावरून, हातमोज्यांवरून नमुन्यात जातो आणि नसलेली साथ कागदावर उभी राहते.

उपचार अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा: पहिल्या दिवशी ५०० मिलिग्रॅम, पुढचे चार दिवस रोज २५०. हृदयाच्या ठोक्यांचा विकार नाही ना, हे आधी विचारावं. अमॉक्सिसिलिन इथे चालत नाही. उबळ सुरू झाल्यावर औषधाने खोकला फारसा कमी होत नाही, संसर्ग मात्र थांबतो. म्हणून औषध सुरू झाल्यापासून पाच दिवस रुग्णाला बॅरकबाहेर ठेवावं. औषध दिलंच नाही, तर खोकला सुरू झाल्यापासून २१ दिवस. शेजारच्या खाटांवरच्यांना हीच मात्रा प्रतिबंधक म्हणून द्यावी आणि २१ दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवावं.

सगळ्यांचं रक्त तपासून ज्यांची प्रतिपिंडं कमी त्यांनाच लस द्यावी, असा एक सल्ला येतो. आम्हाला तो पटत नाही. डांग्या खोकल्यात ‘एवढी प्रतिपिंडं म्हणजे सुरक्षित’ असा सर्वमान्य आकडाच नाही. फार वरची पातळी दिसली तर हल्लीच संसर्ग झाला असावा, एवढंच कळतं. तपासणीचा खर्च वाचवून टीडॅप दिलेली बरी.

ती रुजू होताच द्यावी, कारण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. ०.५ मिलिलिटर, दंडाच्या स्नायूत. रायफलचा दस्ता उजव्या खांद्याला लागतो, म्हणून डाव्या हाताला. एक-दोन दिवस हात दुखतो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी दोरावर चढायला लावू नये. जखमेसाठी नुकतीच टीटी किंवा टीडी घेतली असली तरी थांबण्याची गरज नाही. लस २ ते ८ अंशांत ठेवावी. एकदा गोठली की ती फेकायची, वितळवून वापरायची नाही. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवावं. रांगेतली धट्टीकट्टी पोरंच आधी भोवळ येऊन पडतात.

टीडॅपचाही प्रभाव दोन ते चार वर्षांत बराच ओसरतो, हे मान्य. अग्निवीराची सेवा चार वर्षांची आहे, आणि बॅरकमधल्या गर्दीचे पहिले महिने त्यात झाकले जातात.

रंगरूट स्वतः या आजाराने सहसा दगावत नाही. दगावतं ते बाळ. कॅलिफोर्नियात २०१० च्या साथीत १० अर्भकं गेली. कसम परेडनंतर सुट्टीवर आलेला मामा बारशाला बाळ उचलून घेतो, ते बाळ सहा आठवड्यांचंही नसतं, म्हणजे त्याला पहिला डोसही मिळालेला नसतो. खोकला असेल तर त्याने बाळाच्या खोलीत जाऊ नये. घरात कुणी गरोदर असेल तर २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान तिने टीडॅप घ्यावी. सरकारी दवाखान्यात गरोदरपणी मिळते ती टीडी, त्यामुळे हा डोस स्वतःहून मागावा लागेल.

भरतीच्या कागदपत्रांच्या यादीत बालपणीच्या लसीकरण कार्डाची झेरॉक्सही मागावी. ते कार्ड न मिळाल्यास, किंवा त्यावर पाचव्या वर्षी डीटी लिहिलेलं असल्यास, पुढे काही न विचारता टीडॅप टोचावी.

आपले,
साथरोग विषयात काम करणारे दोन वाचक, पुणे