आप्पा, ताट खाटेवर नको

चेन्नई

ती. आई-आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई सहज बोलून गेली, "मी ह्यांना उठूच देत नाही, ताटसुद्धा खाटेवरच देते." न्यूमोनियातून घरी येऊन तीन आठवडे झाले ना? आप्पांना विचारलं तर "माले काय व्हयनं?" म्हणून विषय बदलतात. म्हणून हे पत्र.

माझ्या वॉर्डात सध्या धुळ्याकडचे एक काका आहेत. फायब्रोसिसने, म्हणजे आतून व्रण पडून कडक झाल्याने, दोन्ही फुप्फुसं गेली, ती बदलली. नवी फुप्फुसं छान चालताहेत, ऑक्सिजन ९७. पण माणूस खुर्चीतून उठेना! मांड्या आजारपणातच वाळलेल्या, त्यात आयसीयूत पडून राहणं, वर स्टेरॉइड. तेही स्नायू खातं. काकू आईसारख्याच, "बाई, निजू दे ना त्यांना." मी ऐकलं नाही. कमरेला पट्टा बांधून तो मागून धरला, छातीतल्या नळ्यांच्या बाटल्या वॉकरला खाली अडकवल्या, बोटाला ऑक्सिमीटर. मागून सिस्टर चाकाची खुर्ची घेऊन, पाय लटपटले तर बसायला. पहिल्या दिवशी कसेबसे दारापर्यंत गेले. तिथे घाम पुसत म्हणाले, "धुयं आजून कितलं दूर शे?" चेन्नईत अहिराणी! मला हसू आवरेना.

अशक्तपणा आम्ही तीन गोष्टींवरून मोजतो: तोल, ४ मीटर चालण्याचा वेग, आणि हात न टेकता ५ वेळा उठबस. १२ पैकी गुण. काकांना उठबस एकदाही जमत नव्हती, आज पाचही झाल्या.

आई, धडधाकट म्हाताऱ्या माणसांना १० दिवस नुसतं निजवून पाहिलं होतं, तर पायांचं जवळजवळ एक किलो मांस गेलं. आप्पांचे एकवीस दिवस झालेत.

तिथल्या डॉक्टरांशी बोलले, चालायला बंदी नाही. उद्यापासून ताट ओट्यावर. मग दादाचा हात धरून निंबापर्यंत, चालता चालता बोलता येईल इतक्याच वेगाने. तिथे प्लास्टिकची खुर्ची ठेव, आमच्या चाकाच्या खुर्चीऐवजी. आणि ती सरकणारी स्लीपर फेकून दे, कितीदा सांगितलंय!

आखाजीला येते, नवजीवनचं तिकीट काढलंय. अमळनेर स्टेशनवर घ्यायला दादा एकटा नको, आप्पाही हवेत. पिशव्या मीच धरीन.

तुमची,
धाकटी