जनावरांच्या वजनकाट्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय : ३०० किलोचा जनावरांचा काटा वजन कमी दाखवतो, अकरा दिवसांत कुणी फिरकलं नाही.

आत्ताच तुमच्या माणसाशी सहाव्यांदा बोलून फोन ठेवला, म्हणून हे लिहितोय.

काटा तुमचा आहे, चार कोपऱ्यांत वजन मोजणारे चार लोडसेल असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. गेटाकडचा उजवा गेलाय. एकच बोकड, तोंड गेटाकडं असलं की ३०.४, फिरवून उभा केला की ३१.२. मग आडत दुकानातून पासिंगची, म्हणजे सरकारी शिक्क्याची, वीस-वीस किलोची दोन वजनं आणली. तीन कोपऱ्यांत ४०, चौथ्यात ३४.२, मधोमध ३८.५. लेव्हलचा बुडबुडा बरोबर मध्ये, खाली कोबा, अडकलेल्या लेंड्या काढून शून्य केलेलं.

एवढं सगळं ऐकून तुमचा माणूस म्हणतो, "काका, जनावर हलतंय, शांत उभं करा." मी म्हटलं, वजनं लोखंडाची आहेत, आमच्याकडं ती हलत नाहीत. जरा थांबून म्हणाला, "मग होल्डचं बटण दाबून बघा." हलत्या जनावराचं वजन धरून ठेवायचं बटण ते, लोखंडाला होल्ड! आणि वर, "किलोभर इकडंतिकडं होणारच काका. सोनं थोडंच तोलताय, बोकडंच आहेत ना?" मागं कुणीतरी हसलं, तेही ऐकू आलं.

सोनं नाही, खरंय. बकरी ईदच्या आधी २६ उस्मानाबादी बोकड ४२० रुपये किलोनं याच काट्यावर दिले. बोकडामागं किलोच धरा, १०,९२० रुपये गेले. व्यापारी कशाला बोलेल? तो काट्याचं कौतुक करत गेला.

शेवटचा सल्ला तर कहर. "जंक्शन बॉक्स उघडून स्क्रू फिरवा." लोडसेलच्या तारा जुळतात त्या डब्यावरचं वैधमापन खात्याचं, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचं, सील मी तोडू? दुरुस्ती परवानाधारकानंच करायची, नंतर पुन्हा मुद्रांकन, म्हणजे खात्याची तपासणी आणि शिक्का, झाल्याशिवाय त्यावर व्यवहार करायचा नाही, हे काटे विकणाऱ्यांना शेळ्या पाळणाऱ्यानं शिकवायचं का?

अकरा दिवस झाले. कुणी आलं नाही. शनिवारपर्यंत माणूस आला नाही तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार आणि वैधमापन निरीक्षकाकडं अर्ज, दोन्ही करणार.

माझा आधीचा काटाही तुमचाच, नऊ वर्षं चालला. त्या भरवशावर शेजारच्या दोघांनाही तुमचेच घ्यायला लावले. आडत्याची वजनं परत देण्याआधी आता त्यांच्या काट्यांचे कोपरे बघून येतो.

शेळीपालक, ता. परंडा, जि. धाराशिव