आंटीच्या अड्ड्याचा पंचनामा रद्दीत घालू नका

मा. मंत्री महोदय,
राज्य उत्पादन शुल्क विभाग, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी बहात्तरीतला गिरगावकर. परमिट मागायला लिहीत नाही, घाबरू नका. तुमच्या खात्याच्या जुन्या धाडींच्या पंचनाम्यांबद्दल लिहितोय.

1949चा दारूबंदी कायदा आला, 1950पासून मुंबईत पूर्ण बंदी झाली आणि पिणारे उघड्या बारमधून चाळींच्या खोल्यांत शिरले. धोबी तलाव, माहीम, वांद्रे. चालवणाऱ्या बऱ्याचशा गोवेकर नाहीतर ईस्ट इंडियन ख्रिस्ती बाया, म्हणून 'आंटीचा अड्डा'. पाटी नाही, बिल नाही. काळा गूळ आणि नवसागर घालून काढलेला माल टायरच्या ट्यूबांतून यायचा.

रात्री जेवणं खोळंबली की आई मला वडिलांना बोलवायला पिटाळायची. पडद्याआड एक बाक, चार स्टुलं, मेरीच्या तसबिरीपुढे लाल बल्ब. वडिलांचा ग्लास संपेपर्यंत आंटी मला जिन्यात बसवायची. उकडलेलं अंडं दोऱ्याने चिरून वर मीठमिरी टाकायची आणि अर्धं माझ्या तळहातावर ठेवायची. धाडीच्या आधी निरोप यायचा. कुठून, ते आजतागायत कळलेलं नाही.

साठच्या दशकात बंदी सैलावली, पुढे परमिट रूम आल्या आणि आंट्यांचं गिऱ्हाईक तुटत गेलं. त्या चाळीच्या जागी आज टॉवर आहे.

हातभट्टीचे गोडवे गात नाही. 2015मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. पण या शहराची एक पिढी जिथे बसली, बोलली, भांडली, त्या जागांचा कागद कुठे आहे? ज्या धंद्याला परवानाच नव्हता, त्याची नोंद पकडणाऱ्यानेच ठेवली. खोलीचा पत्ता, जप्त बाटल्या, ग्लास किती, बाकावर कोण बसलं होतं. 'पहिल्या धारेची' हा शब्द मराठीत राहिला. ती धार कुठल्या खोलीतल्या ग्लासांत पडली ते तुमच्याच दप्तरात सापडेल.

तेव्हा निंदणीकरणातून, म्हणजे जुने कागद निवडून नष्ट करण्यातून, जे काही वाचलं असेल ते कायम जपायच्या 'अ' वर्गात घ्या आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात पाठवा. गिऱ्हाइकांची नावं झाकायची तर खुशाल झाका.

माझ्या वडिलांचं सापडलं तर मात्र झाकू नका.

आपला,
एक जुना गिरगावकर