पाणी पीत जा

भुसावळ

चि. वैशाली,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवर बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहितोय. आईने रात्री सांगितलं, पुन्हा लघवीला जळजळ, पुन्हा अँटिबायोटिक. डॉक्टर म्हणाले म्हणे, पाणी कमी पडतंय. पडणारच. तुमच्या कारखान्यात बायकांचा संडास पार ऑफिसच्या इमारतीत, आणि कामाची लाइन सोडून गेलं की सुपरवायझरचं तोंड वाकडं. म्हणून तू सकाळपासून घोटच घेत नाहीस. इथल्या उन्हात वाढलेली पोर तू!

भाऊंच्या नातीने यंदा मेकॅनिकलला प्रवेश घेतला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलं तर मुलींची शिक्षण फी 2024 पासून शासन माफ करतं, म्हणून जमलं. पेढे घेऊन आली, म्हणाली, वैशूताईसारखं चाकणला जायचंय. छाती फुगली, खोटं कशाला सांगू. पण लगेच मनात आलं, ही तरी तिथे पाणी पिईल का?

रेल्वेचं इंजिन चालवणाऱ्या सुरेखा यादव सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झाल्या, तेव्हा आमच्या कट्ट्यावर सगळे रेल्वेवाले त्यांच्या हाताचं कौतुक करत होते. कित्येक इंजिनांत अजून संडास नाही, बाईने ड्यूट्या कशा काढल्या असतील, हे एकानेही विचारलं नाही.

आमच्या कारखान्यातल्या शोभाताई आठवतात? अनुकंपावर लागलेल्या, तुला लिमलेटच्या गोळ्या द्यायच्या. मोटर वाइंडिंगला असा हात, की वेढा वेढ्यावर चढायचा नाही. गरज पडली की स्टेशनच्या वेटिंग रूमपर्यंत चालत जायच्या, आणि इकडे रजिस्टरात शेरा, 'जागेवर नाही'. पुढे पुढे डब्यासोबत ताक घेणंही बंद केलं. शेवटी युनियनने पत्र दिलं. तेव्हापासून 1948 च्या कारखाना कायद्याचं (नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवी संहिता आली) कलम 19 मला पाठ आहे: बायकांना वेगळा, बंदिस्त, सोयीच्या जागी, कामावर असताना केव्हाही जाता येईल असा. बांधला त्यांनी. कुलूप घातलं आणि किल्ली ठेवली स्टोअरकीपरकडे!

तुमच्याकडे महिला दिनाला गुलाब वाटले, त्याचा फोटो आईने दाखवला. 'डायव्हर्सिटी'चा बोर्डही होता मागे. गुलाब राहू दे, एचआरला लेखी दे. तोंडी बोललेलं कोणी लक्षात ठेवत नाही. एकटीने देऊ नकोस, इतर मुलींच्याही सह्या घे. हाऊसकीपिंगच्या बायकांना विसरू नकोस, त्यांना तर कोणी विचारतच नाही. कायदा माहीत असून गप्प बसायचं, तर शिकलीस कशाला?

चुकलं. आई मागून वाचतेय, म्हणते आजारी पोरीला भाषण कसलं देता. आणि तुझं प्रोबेशन संपायचंय हेही डोक्यात आहे. आता दे म्हणू की थांब म्हणू, मलाच ठरवता येत नाही. तुझं तू बघ. पाणी मात्र आजपासून.

शनिवारच्या ट्रॅव्हल्सने कळण्याचं पीठ आणि बिबड्या पाठवतोय. बार्ली वेगळी बांधली आहे, उकळून गाळून घे. अर्ज दिलास, तर किल्ली कोणाकडे राहणार तेही त्यात विचार.

तुझे,
पप्पा