लाकडाच्या पावतीवर ओलावाही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत जपानी पद्धतीच्या लाकडी सामानावर आलेला सचित्र लेख आवडीने वाचला. एकही खिळा न वापरता जोडलेले मेज पिढ्यान्‌पिढ्या टिकते, असा त्या लेखाचा सूर आहे. निवृत्तीनंतर गेली सहा वर्षे घराच्या मागच्या पडवीत मी याच पद्धतीने मेजे, बाके आणि पुस्तकांच्या मांडण्या हाताने करीत आलो आहे. तो लेख वाचून कोणी गोव्यात हे काम हाती घेतले, तर पहिल्याच वर्षी त्याची निराशा होण्याचा संभव आहे, कारण ज्या गोष्टीवर सगळे अवलंबून असते तिचा, म्हणजे लाकडातल्या ओलाव्याचा, लेखात उल्लेखही नाही.

खिळ्याचे आधी बघू. नारा शहराजवळचे होर्यु-जी हे बौद्ध मंदिर जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक मानले जाते. त्याच्या लाकूडकामातही हाताने घडवलेले लोखंडी खिळे आहेत. म्हणजे जपानी सुतारांना खिळ्याचे वावडे नव्हते. फळीला फुगायला आणि आकसायला जिथे वाट ठेवायची आहे, तिथे ते खिळा ठोकीत नसत, एवढेच. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत हवेप्रमाणे सतत बदलते. शिवाय खोडाच्या कंकणांना समांतर चिरलेली सागवानी फळी, गाभ्याकडून सालीकडे उभी चिरलेल्या फळीच्या साधारण दुप्पट हलते. सांधा कितीही सुबक असला तरी या हालचालीची सोय त्यात नसेल, तर एक तर सांधा उकलतो नाही तर फळी फुटते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझे पहिले मेज ऐन श्रावणात झाले. एका वखारीतून ‘पूर्ण सुकलेले’ म्हणून घेतलेल्या सागवानाच्या तीन फळ्या डिंकाने जोडून दोन फूट रुंदीचा माथा केला आणि तो खालच्या चौकटीला चारही बाजूंनी स्क्रूने पक्का आवळला. जानेवारीत एका रात्री दिवाणखान्यातून फांदी मोडल्यासारखा आवाज आला. सकाळी पाहतो तो माथ्यावर हातभर लांब भेग, आणि तिच्यात रुपयाचे नाणे उभे राहील एवढी फट. त्याच लाकडाचा एक तुकडा पडवीत उरला होता. सारी हयात शाळेत विज्ञान शिकवण्यात गेल्यामुळे मी तो तराजूत टाकला, तेव्हा वजन 62 ग्रॅम भरले. मग स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोड्या वर तापमान ठेवून वजन उतरायचे थांबेपर्यंत तो सुकवला (घरात त्या दिवशी केक होणार होता, तो झाला नाही, आणि त्याची आठवण मला अजून करून दिली जाते). उरले 51 ग्रॅम. गेलेल्या 11 ग्रॅम पाण्याला कोरड्या वजनाने भागले की साधारण 22 टक्के येतात. ‘पूर्ण सुकलेल्या’ लाकडात ऐन जानेवारीत एवढे पाणी होते. घेतले त्या दिवशी ते याहून कमी खचितच नसणार.

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत पडवीतल्या सुकलेल्या लाकडातला ओलावाही 18 टक्क्यांच्या आसपास जातो, आणि तेच लाकूड वातानुकूलित खोलीत राहिले तर 10 टक्क्यांपर्यंत उतरते. गेली दोन वर्षे मी दुसऱ्या मेजाचा माथा एकाच जागी मोजतो आहे: मेअखेरीस 612 मिलिमीटर, ऑगस्टच्या मध्याला 616. हे चार मिलिमीटर कोणत्याही स्क्रूने अडवता येणार नाहीत. म्हणून या मेजाचा माथा चौकटीला जखडलेला नाही. खाचेत मागेपुढे सरकणाऱ्या लहान लाकडी गुटक्यांनी तो नुसता धरून ठेवला आहे. पायांमधला आडवा दांडा पायातून आरपार काढून बाहेर पाचर ठोकली आहे. पाचर ढिली झाली की लाकडी हातोडीचे दोन ठोके पुरतात. दिवाळीच्या साफसफाईबरोबर हे कामही उरकते.

आमच्या वाड्यावरचे वृद्ध मेस्त, म्हणजे सुतार, हे मेज पाहायला आले होते. माझ्या करवतीला त्यांनी ‘उलटी करवत’ असे नाव ठेवले, कारण ती पुढे ढकलताना कापत नाही, ओढताना कापते. ओढीत पाते ताणले जात असल्यामुळे ते फार पातळ ठेवता येते आणि कापही बारीक पडतो, हे मी त्यांना समजावून सांगू लागलो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मला माझ्याच घराच्या पुढच्या दारापाशी नेले. आजोबांच्या वेळच्या त्या फणसाच्या चौकटीत कुसू (दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारे बारीक केलेले टोक) आरपार काढून त्यात पाचर मारलेली आहे. साठ वर्षे त्या दारातून ये-जा करूनही ती माझ्या नजरेस पडली नव्हती.

हे सारे काम दहा फूट बाय आठ फूट जागेत होते. दोन बाजूंना दात असलेली एक करवत, पाठीवर कणा असलेली सांध्यांची दुसरी करवत, चार पटाश्या, ओढायचे दोन रंधे, गुण्या, खतकस आणि धारेचे तीन दगड एवढ्यावर माझे भागते. दिवसातला बराच वेळ धार लावण्यात जातो, आणि ज्यांना ते कंटाळवाणे वाटते त्यांनी या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. जपानी पटाशीत मऊ लोखंडाला कठीण पोलादाचा पातळ थर जोडलेला असतो. त्यामुळे धार उत्तम धरते, पण आपल्या खाऱ्या दमट हवेत एका रात्रीत तिच्यावर तांबेऱ्याचे ठिपके उठतात. मी काम संपताच शिवणयंत्राचे तेल पुसतो. रंध्याचा ठोकळा ओकचा असतो. तोही लाकूडच असल्यामुळे जूनमध्ये फुगतो आणि पाते असे आवळून धरतो की ते पुढेही येत नाही आणि मागेही जात नाही. पहिल्या पावसाळ्यात मला वाटले, रंधा बिघडला.

जपानमध्ये हे काम बहुधा हिनोकीसारख्या मऊ, सरळ रेषांच्या लाकडात वाढले. तिथे कुसू खाचेत बसवण्यापूर्वी हातोडीने हलकेच ठेचून बारीक करतात. पुढे ओलावा मिळाला की ते फुगून खाच घट्ट भरते. या क्रियेला ‘किगोरोशी’, म्हणजे लाकूड मारणे, म्हणतात. सागवानात हा प्रकार मला फारसा साधला नाही. शिवणीत मात्र तो सुरेख जमतो, आणि शिवण हलकी असून वाकत-पिळत फार कमी. मला विचाराल तर नवशिक्याने महाग सागवानाऐवजी शिवणीवर हात बसवावा. फणसाचे लाकूड कठीण, पण त्याचा पिवळा रंग उजेडात वर्षागणिक तपकिरी होत जातो तो पाहण्यासारखा असतो.

जपानी काम आपल्या किनारपट्टीच्या हवेत चालेल का, अशी शंका त्या लेखात व्यक्त झाली आहे. जॉर्ज नाकाशिमा (1905–1990) हे अमेरिकेत जन्मलेले जपानी वंशाचे कारागीर 1930 च्या दशकाच्या अखेरीस पुदुच्चेरीच्या अरविंद आश्रमात गोलकोंड या वसतिगृहाच्या बांधकामावर होते, आणि तिथले लाकडी सामान त्यांच्याच आराखड्याने झाले. तीही समुद्रकाठची दमट हवाच. गंमत अशी की जपानी हत्यारांचे खरे शिक्षण त्यांना पुढे दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या नागरिकांना ज्या छावण्यांत डांबले त्यांतल्या एका छावणीत, एका जपानी सुताराकडून मिळाले.

हवेशी जुळवून घेता येते. अडते ते लाकडापाशी. मला एका वेळी लागते ते फार तर दोन-तीन घनफूट. तेवढे घ्यायला गेले की उरलेसुरले, ताज्या चिराईचे लाकूड पुढे केले जाते आणि ‘उन्हात ठेवा, सुकेल’ असा सल्ला मिळतो. उन्हात ठेवलेली फळी वरून सुकते, आत ओली राहते आणि टोकांकडून फाटते. ती सावलीत, वारा खेळेल अशी, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन रचावी लागते, टोकांना तैलरंग फासावा लागतो, आणि जुन्या ठोकताळ्याप्रमाणे इंचभर जाडीला वर्षभर थांबावे लागते. मी आता तसेच करतो, पण भाड्याच्या घरात राहणाऱ्या तरुणाने एवढ्या फळ्या कुठे रचाव्यात? खासगी जमिनीतले झाड तोडायलाही 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. पण परवानगीने पडलेला फणस किंवा शिवण ओलीच चिरून विकली गेली आणि चार महिन्यांत फाटून बंबात गेली, तर त्यातून कोणाचे भले झाले?

म्हणून वखारवाल्यांना आणि सरकारी लाकूड आगारांना माझी आपल्या पत्रामार्फत विनंती आहे की, भट्टीत किंवा सावलीत नीट सुकवलेले स्थानिक लाकूड दोन-चार घनफुटांच्या मापानेही मिळावे आणि पावतीवर जात, माप व दर यांच्या शेजारी ओलाव्याचा टक्काही लिहावा. ओलावा मोजण्याचे हातात मावणारे यंत्र आता सहज मिळते आणि एका फळीला अर्धे मिनिटही लागत नाही. अशा लाकडाला दीडपट भाव द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
बांदोडे, फोंडा – गोवा