कसं कळलं नाही

रविवार, रात्रीचा दीड

प्रिय नंदे,

अक्षर ओळखलं असशीलच, आणि पाकीट न फोडता तसंच ठेवून द्यावं असंही क्षणभर वाटलं असेल. दीड वर्ष झालं. मी ठीक, गुडघा कुरकुरतो, आई बरी आहे. तब्येतीचं संपलं.

लिहायचं कारण ऐकून हसशील. एक मालिका पाहिली, 'ब्रॉडचर्च'. 2013 ची, म्हणजे सगळ्या जगाचं पाहून झाल्यावर नेहमीप्रमाणे मी शेवटी. इंग्लंडात डॉर्सेटच्या किनाऱ्यावरचं गाव, कड्याखाली वाळूत 11 वर्षांच्या डॅनीचं प्रेत, आणि पुढे 8 भाग जो तो एकमेकांकडे संशयाने बघतोय. मी आठही भाग दोन रात्रींत संपवले. आता शेवट सांगणार आहे. तुला काय त्याचं, तू रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचणारी बाई. (त्या प्रवासात त्यावरून तू तीन तास अबोला धरला होतास. चूक तुझी होती. अजूनही आहे.)

सुरुवातीलाच डॅनीचा बाप सकाळी कामाला निघतो आणि भर रस्त्यातून चालत जाताना भेटेल त्याला हाक मारतो, थांबतो, हसतो, पुढे जातो. कॅमेरा न तुटता त्याच्या मागे. तेव्हा वाटतं, काय छान गाव आहे. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा पोटात गोळा आला, कारण आता त्या प्रत्येक हसऱ्या माणसाचं काय होणार ते मला माहीत होतं. आणि तो पिवळाधमक कडा! सरळ कापलेला, वरून खाली थरच थर. तो डॉर्सेटमधल्या वेस्ट बेचा, नि गावाचा बराचसा भाग सॉमरसेटमधल्या क्लीव्हडनचा. दोन ठिकाणं शिवून एक गाव केलंय आणि टाका कुठे दिसत नाही. तुला दिसला असता म्हणा. तुला नेहमीच दिसतो.

तर एली मिलर. ऑलिव्हिया कोलमनने केलीय. गावातलीच पोलीस, डॅनीच्या आईची मैत्रीण, हिचा मुलगा आणि डॅनी जिवलग दोस्त. सुट्टीवरून परतते तर हिला मिळायची ती बढती बाहेरून आलेल्या हार्डीला मिळालेली. (तू हार्डीची बाजू घेणार हे मला आत्ताच कळतंय. डेव्हिड टेनंट, दाढीचे खुंट, चेहरा बारा महिने दात दुखत असल्यासारखा. तुझी आवड मला ठाऊक आहे, कॉलेजपासून.) तो तिला कायम मिलर म्हणतो. पहिल्या नावाने हाक मारणं त्याला आवडत नाही.

सातव्या भागात एलीसमोर एक बाई बसलीय, सुझन. तिच्या नवऱ्याने स्वतःच्याच पोरीचं जे केलं ते सांगतेय. आणि एली तिला विचारते, घरात हे चाललं होतं आणि तुला कसं कळलं नाही?

नंदे, मी तिथे थांबवलं. पाणी प्यायले. कपाट उगाचच आवरलं. मग पुढे लावलं.

कारण पुढच्याच भागात खुनी सापडतो, तो एलीचा नवरा. पोरं सांभाळणारा, हसरा, मला पहिल्या भागापासून आवडलेला. तो सापडतो ते अगदी लवकर, आणि उरलेला जवळजवळ सगळा भाग नुसतं लोकांनी ते कसं सोसलं एवढंच दाखवतो. हार्डी तिला बंद खोलीत सांगतो तेव्हा मिलर म्हणत नाही, एली म्हणतो. मग डॅनीची आई तिला तोच प्रश्न विचारते. शब्दही तेच. चित्रीकरण चालू असताना बहुतेक नटांनाही खुनी कोण ते सांगितलेलं नव्हतं म्हणे. बरोबर वावरत होते, आणि माहीत नव्हतं.

मी तुला विचारलं होतं. तुझ्या त्या टेबलापाशी उभी राहून, सगळे कागद पसरलेले असताना. त्याच्या सह्या, तुझ्या नावाच्या त्याने केलेल्या सह्या. मी म्हटलं, "इतकी वर्षं, नंदे? तुला कसं कळलं नाही?" तू काहीच बोलली नाहीस. स्टेपलरमधल्या पिना संपल्या होत्या आणि तू तरी दाबत होतीस. टक, टक. तो आवाज मी दीड वर्ष ऐकतेय.

मला तेव्हा वाटलं, मी तुझ्या बाजूने रागावलेय. नव्हते गं. मी घाबरले होते. तुझ्यासारख्या टाका दिसणाऱ्या बाईला दिसलं नाही, तर माझ्या घरात काय काय असेल, असं झालं होतं मला. म्हणून सगळं तुझ्यावर ढकललं. त्या रात्री घरी येऊन मी ह्यांच्या बॅगेचे कप्पे तपासले. जुनी तिकिटं निघाली आणि माझीच हरवलेली कात्री. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शिवाय तो मलाही आवडायचा. तुमच्या लग्नात सगळ्यात मोठ्याने मी हसले होते. मग मला तरी कुठे कळलं?

बाकी मालिकेचं म्हणशील तर 2015 चा दुसरा सीझन कोर्टात अडकलाय, कड्यापेक्षा वकीलच जास्त. 2017 चा तिसरा अजून पाहिलेला नाही.

नवी नोकरी लागली हे मंजूकडून कळलं. छान झालं. पिल्लूची दहावी ना यंदा? माझा आशीर्वाद सांग, नको असेल तर राहू दे.

पहिल्या सीझनचा सातवा भाग एकटीने बघू नकोस. मी येते. किंवा फोन चालू ठेवून दोघी एकदम लावू. शेवट तुला आता माहीतच आहे, तुझ्या मनासारखं झालं. नको वाटलं तर तसं एका ओळीत कळव, पण कळव.

तुझी,
शालू

ता. क. ती कात्री तुझी होती. माझी नव्हे.